पेटी नको, पडवी हवी

नाशिकच्या सातपूर भागातल्या अशोकनगर-श्रमिकनगर बाजूला रो-हाऊसच्या फाटकाआत कुत्र्यासाठी केलेलं लाकडी घर आता नवलाचं राहिलेलं नाही. सुट्टीच्या दिवशी घरच्या घरी जमण्याजोगं हे सुतारकाम आहे, साहित्यही हाताशी मिळतं, त्यामुळे लोक ते हौसेने करतात. आकृती मात्र बहुतेकांची एकच असते: दुपाखी छप्पर, चहूबाजूंनी बंद फळ्या, पुढच्या फळीत कमानदार कापलेलं लहानसं दार, दारावर कुत्र्याचं नाव आणि वरून लाल किंवा निळा ऑइलपेंट. चित्रांच्या पुस्तकांतून आणि कार्टूनमधून ही आकृती डोक्यात इतकी पक्की बसली आहे की सुतारालाही ती कागदावर काढून द्यावी लागत नाही. आणि एप्रिलच्या दुपारी अशा घरात कुत्रं क्वचितच सापडतं. ते बाहेर भिंतीच्या सावलीत, ओल्या फरशीवर पोट टेकून पडलेलं असतं. याला घराची किंमतच नाही, असं मालक म्हणतो. माझं म्हणणं असं की दोष कुत्र्याच्या स्वभावाचा नाही, त्या बांधणीचा आहे. जिथे हिवाळ्यात बर्फ पडतं तिथे कुत्र्याच्या अंगची ऊब आत कोंडून ठेवण्यासाठी अशी बंद पेटी शहाणपणाची ठरते. नाशिकला कुत्र्याचं घर बांधायचं तर नमुना पेटीचा घेऊ नये, आपल्या पडवीचा घ्यावा: पाठीला भिंत, पुढून मोकळी, जमिनीपासून उचललेली आणि वळचण चांगली पुढे आलेली.

कुत्र्याला कसली जागा हवी असते हे कुत्रीच दाखवतात. त्यासाठी सातपूर औद्योगिक वसाहतीत उन्हाळ्यातल्या दुपारी दोनच्या सुमाराला नजर टाकली तरी पुरे. महिंद्र, बॉश, सीएट यांच्यासारखे मोठे कारखाने आणि त्यांच्या अवतीभवती वाढलेले शेकडो लहान वर्कशॉप यांच्यामधल्या रस्त्यांवर उभ्या ट्रेलरखाली कुत्री झोपलेली असतात. चहाच्या टपरीच्या बाकाखाली, वॉचमनच्या केबिनच्या आडोशाला, झाडाच्या बुंध्याशी पायांनी उकरून केलेल्या खळग्यात ती असतात. थंडीच्या रात्री तीच कुत्री बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर किंवा विझलेल्या शेकोटीच्या कोमट राखेत अंग मुडपून पडतात. या सगळ्या जागा वरवर वेगळ्या वाटल्या तरी त्यांच्यात तीन गोष्टी सारख्या आहेत. पाठीशी किंवा डोक्यावर काहीतरी आडोसा आहे, समोरचा रस्ता दिसतो आहे, आणि अंगाखालची जागा त्या ऋतूला मानवणारी आहे, म्हणजे उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात कोरडी. समोरून पूर्ण बंद आणि जेमतेम अंग शिरेल एवढ्याच दाराची जागा सहसा निवडते ती व्यायलेली कुत्री, तीही पिल्लं लहान असेपर्यंत. एरवी कुत्र्याला येणारं-जाणारं दिसलं पाहिजे. राखण करणं हे त्याचं काम आपण मानतो, आणि घर मात्र असं बांधून देतो की त्याला फाटकच दिसू नये.

आडोसा, मोकळी समोरची बाजू आणि कोरडी उंच जागा हे तिन्ही गुण मराठी घराच्या पडवीत पिढ्यानपिढ्या एकत्र होते. त्र्यंबक, पेठ, दिंडोरीकडच्या जुन्या घरांचं जोतं जमिनीपासून हात-दोन हात उंच, पुढे पडवी, पडवीवर उतरणारं छप्पर आणि पावसाचं पाणी जोत्यापासून लांब टाकणारी वळचण. नाशिक गावठाणातल्या वाड्यांना ओटा आणि ओसरी होती. अशा घरात कुत्र्यासाठी वेगळं काही बांधायची वेळच येत नसे. पडवीतला गोणपाटाचा तुकडा हीच त्याची जागा. तिथून त्याला अंगण दिसे, घरातल्या माणसांचा आवाज कानावर पडे, आणि पाऊस आला तरी उठावं लागत नसे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झालं, त्यानंतर सातपूरची शेती जाऊन कारखाने आले, कारखान्यांमागून कामगारांच्या चाळी, कॉलन्या आणि मग रो-हाऊस आली. जमीन मोलाची झाली तशी पडवी आधी पोर्च झाली, पोर्चमध्ये दुचाकी आली, पुढे ग्रिल लागलं आणि खाली गुळगुळीत टाइल बसली. कुत्रं घरात राहिलं, त्याची जागा तेवढी गेली. म्हणून आज आपण जे लाकडी घर करतो आहोत ते एखाद्या परक्या हौसेचं अनुकरण न राहता या गेलेल्या जागेची भरपाई व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

आता उन्हाचा विचार करू, कारण नाशिकचा हवामानाचा लौकिक थंडीचा असला तरी मार्चपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत इथे ऊनच असतं आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. कुत्र्याच्या शरीराचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त. ते ४१ अंशांच्या वर गेलं की उष्माघाताचा धोका उभा राहतो, आणि त्यात काही तासांत जीव जाऊ शकतो. माणूस अंगभर घाम गाळून थंड होतो. कुत्र्याच्या घामाच्या उपयोगी ग्रंथी पंजाच्या गाद्यांपुरत्याच असतात, त्यामुळे त्याची सगळी भिस्त धापण्यावर. जीभ, तोंड आणि नाकाचा आतला भाग यांवरचं पाणी वाफ होऊन उडतं आणि त्याबरोबर उष्णता बाहेर पडते. हे काम साधायला त्याच्या तोंडासमोरची हवा कोरडी आणि हलती हवी. बंद पेटीत नेमकं उलट घडतं. कुत्र्याने सोडलेला दमट, गरम श्वास आतच साठतो, काही मिनिटांत ते तीच ओली हवा पुन्हा ओढू लागतं आणि जितकं जास्त धापेल तितकी आतली हवा निरुपयोगी होत जाते. वर गडद रंग आणि पत्रा असेल तर छपराची धग वेगळी. नाशिकच्या उन्हाळ्याची जमेची बाजू ही की तो कोकणासारखा दमट नसतो. हवा कोरडी असते. समोरून मोकळ्या घरात हीच कोरडी हवा कुत्र्याच्या कामी येते. पाठच्या भिंतीवर बाहेरून ओलं गोणपाट टाकलं तर आणखी बरं.

दुसरं कारण गोचिडाचं, आणि माझ्या मते ते उन्हाइतकंच वजनदार आहे. तपकिरी रंगाचा कुत्र्यावरचा गोचीड अंगावर दिसतो म्हणून आपण अंगावरच औषध लावतो. पण त्याच्या आयुष्याचा मोठा भाग कुत्र्याच्या अंगाबाहेर जातो. अळी, पिल्लू आणि प्रौढ अशा तिन्ही अवस्थांत तो रक्त पिऊन खाली उतरतो आणि पुढच्या अवस्थेत पुन्हा अंगावर चढतो. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते, भिंतीवर चढते आणि फटीत जाऊन हजारोंनी अंडी घालते. घराच्या आतच पिढ्यामागून पिढ्या काढू शकणारा हा गोचीड आहे, आणि उपाशीपोटी तो महिनोन्‌महिने तग धरतो. कुत्र्याच्या रक्तातल्या पेशींवर हल्ला करणारे एर्लिकिया आणि बबेसिया हे आजार त्याच्यामार्फत पसरतात. आपल्याकडे ज्याला सरसकट गोचीडताप म्हणतात तो हाच. आता थंड देशांतल्या आराखड्यांत शिफारस असते ती दुहेरी भिंतीची: दोन फळ्यांमध्ये पोकळी आणि पोकळीत थर्माकोल. त्यात कडेच्या शोभेच्या पट्ट्या, खिळ्यांनी कायमचं ठोकलेलं छप्पर, आत शिरून साफ करता येणार नाही असा कोपरा. गोचिडाला यापेक्षा सोयीचं घर मिळणार नाही. म्हणून आपल्याकडे कुत्र्याच्या घराची पहिली अट अशी असावी की ते सुटं करता आलं पाहिजे, प्रत्येक फळीच्या दोन्ही बाजू उन्हाला लागल्या पाहिजेत आणि सांधे उघडे दिसले पाहिजेत.

यावर पहिला आक्षेप थंडीचा येतो आणि तो रास्त आहे. नाशिकमध्ये ७ जानेवारी १९४५ रोजी ०.६ अंश सेल्सिअस इतकं खाली तापमान नोंदलं गेलं. निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात बातम्यांत येतो, आणि त्या दिवसांत द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवून शेतकरी रात्र काढतात. अशा रात्री समोरून उघडं घर कसं चालेल? इथे आधी वर्षाचा हिशेब मांडावा. कडाक्याची थंडी डिसेंबर-जानेवारीत लाटांनी येते, आणि सगळ्या लाटा धरल्या तरी थोड्या आठवड्यांचं काम. ऊन चार महिने, पाऊस चार महिने. थोड्या आठवड्यांसाठी बांधलेली पेटी उरलेला बहुतेक काळ अडचणीची होते. मोकळ्या घराला मात्र त्या आठवड्यांपुरती पुढची बाजू लावता येते. शिवाय थंडीत कुत्र्याला सतावतात त्या तीन गोष्टी: अंगाखालची गार फरशी, अंगावरचा ओलावा आणि थेट लागणारा वारा. पहिल्या दोन उंच तळाने आणि कोरड्या अंथरुणाने जातात, तिसरी एका फळीने. त्र्यंबक-इगतपुरीकडचा भाताचा पेंढा यासाठी फार चांगला. जुनी चादर किंवा गोधडी ओल धरून ठेवते. पेंढ्यात कुत्रं स्वतः खळगा करून बसतं, त्यात हवा अडकून ऊब राहते, आणि पंधरवड्याने जुना पेंढा टाकून नवा घालता येतो. गोचिडाच्या बंदोबस्तालाही त्याची मदत होते.

दिशा नीट धरली तर थंडीचं निम्मं काम सूर्यच करतो. नाशिक विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे २० अंशांवर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. डिसेंबरच्या अखेरीला तो भर दुपारीही दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो. घराचं तोंड आग्नेयेला ठेवलं आणि छप्पर पुढे फूटभर काढलं तर हिवाळ्यात सकाळचं कोवळं ऊन थेट पाठच्या भिंतीपर्यंत पोचतं, आणि मे महिन्यात दहाच्या सुमाराला आतली जागा सावलीत येते. पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, तो कुशीला आणि पाठीला लागतो. हिवाळी वारा उत्तरेकडून येतो, तोही पाठच्या बाजूला. राहिलं पश्चिमेचं तिसऱ्या प्रहरचं ऊन. ते पाठच्या फळ्यांवर पडतं, म्हणून घर कंपाउंडच्या भिंतीच्या किंवा एखाद्या झाडाच्या पूर्वेला ठेवावं. एवढं जमलं तर विजेचा पंखा, आत बल्ब, गरम पाण्याच्या बाटल्या असल्या खटाटोपाची गरज पडत नाही.

माणसाच्या घराची प्रतिकृती कुत्र्याला का पटत नाही याचं एक नामांकित उदाहरण अमेरिकेत आहे. फ्रँक लॉइड राइट या विसाव्या शतकातल्या अत्यंत मोठ्या वास्तुशिल्पकाराला कॅलिफोर्नियातल्या एका बारा वर्षांच्या मुलाने १९५६ मध्ये पत्र लिहिलं: तुम्ही आमचं घर आखलंत, आता आमच्या कुत्र्यासाठीही एक आखून द्या. राइट यांनी नंतर खरोखर आराखडा पाठवला, तोही विनामूल्य. मूळ घराच्या शैलीशी जुळणारं, त्रिकोणी बांधणीचं आणि बसक्या छपराचं ते घर काही वर्षांनी प्रत्यक्ष उभं राहिलं. छप्पर गळायचं आणि कुत्रं आत जायचं नाही. राइट यांच्या थोरवीला त्याने काही उणेपणा येत नाही. एका मुलाच्या पत्राला एवढ्या मोठ्या माणसाने दिलेला मान मला आजही हृद्य वाटतो. पण मोजमाप कुत्र्याचं घ्यायचं की घराच्या शोभेचं, हा प्रश्न तिथे स्पष्ट होतो. सातपुरात बंगल्याला मॅचिंग रंगाचं डॉगहाऊस करवून घेतलं जातं तेव्हाही तोच प्रश्न असतो.

मोजमाप असं घ्यावं. कुत्रं आडवं पसरून झोपलं असताना नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतचं अंतर मोजावं आणि त्यात चौथाई भर घालावी. ही झाली आतली लांबी. बसलेल्या कुत्र्याच्या डोक्याच्या वर किमान वीतभर जागा सुटेल ती उंची. मध्यम चणीच्या गावठी कुत्र्यासाठी साडेतीन फूट लांब, अडीच फूट खोल, पुढून तीन फूट आणि पाठीमागे अडीच फूट उंच एवढं घर सहसा पुरतं. लॅब्राडॉरला लांबी-खोली प्रत्येकी सहा इंच वाढवावी. मोठ्या घरात ऊब राहत नाही असा थंड देशांतला नियम आहे. आपल्याला ऊब कोंडायचीच नसल्याने तो बाजूला ठेवावा. छप्पर एकपाखी, उतार पाठीमागे: पाणी दारात पडत नाही आणि आतली तापलेली हवा पुढच्या उंच बाजूने निघून जाते. जुन्या पडवीचा उतार पुढे असे, इथे तेवढा बदल जाणून-बुजून करायचा. पाय सहा ते आठ इंचांचे, प्रत्येक पायाखाली सिमेंटच्या ठोकळ्याचा तुकडा, म्हणजे लाकूड मातीला टेकत नाही आणि वाळवी दिसल्याशिवाय वर चढत नाही. पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची जुनी रीत मुंग्यांसाठी चांगली, पण साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, ती नको. तळाच्या पट्ट्यांमध्ये दोन सुतांची फट सोडावी, पाणी निथळतं आणि नखं अडकत नाहीत. समोर पाच-सहा इंचांचा उंबरा, पेंढा आत राहण्यासाठी आणि पावसाचे शिंतोडे अडवण्यासाठी. थंडीत समोरच्या खाचेत एक फळी सरकवायची, जी दोनतृतीयांश बाजू झाकेल. उरलेल्या एकतृतीयांशातून ये-जा, आणि झोपायचा कोपरा फळीमागे. छपरावर पत्रा घालायचा असेल तर लाकडी छप्पर वेगळं आणि त्याच्या वर उताराच्या दिशेने तीन इंचांच्या रिपा बसवून त्यांवर पत्रा. मधून वारा वाहतो आणि पत्र्याची धग खाली उतरत नाही. दोन्ही टोकं उघडी असल्याने तिथे झाडू जातो, गोचिडाला थारा मिळत नाही.

जोडणीला खिळे वापरू नयेत. सातपूरच्या हार्डवेअरच्या दुकानांत जीआय नट-बोल्ट वजनावर मिळतात. कोपऱ्यात दीड इंची चौकोनी पट्टी उभी करून तिला दोन्ही बाजूंच्या फळ्या बोल्टने आवळाव्या. तळ, तीन भिंती आणि छप्पर असे पाच भाग झाले की पाना घेऊन घर अर्ध्या तासात सुटं होतं. गुण्या लावून काटकोन तपासण्याएवढं लक्ष दिलं तर बाकी कौशल्य फारसं लागत नाही. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला सगळे भाग एकदा मोकळे करून दोन दिवस कडक उन्हात उभे ठेवावे, सांध्यांवर उकळतं पाणी ओतावं, मग पावसाळ्यासाठी पुन्हा जोडावं. गोचिडाचं फवारणीचं औषध वापरायचं तर पशुवैद्यकाला विचारून, आणि कुत्र्याला पूर्ण सुकेपर्यंत दूर ठेवून.

लाकडाच्या बाबतीत सातपूर सुदैवी आहे. कारखान्यांत येणारी यंत्रं आणि सुटे भाग पाइनच्या पेट्यांतून आणि पॅलेटवरून येतात, आणि ते लाकूड पुढे भंगारवाल्यांकडे जातं. अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेने जानेवारी २०१७ मध्ये मोठी मोहीम काढून हटवला, तरी हा व्यवसाय परिसरातून गेलेला नाही, कारण कारखाने आहेत तोवर पेट्या निघतच राहणार. या पेट्यांवर डागलेला शिक्का वाचायला शिकावं. वनस्पतींचे रोग आणि किडी लाकडातून देशोदेशी पसरू नयेत म्हणून २००२ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो मारलेला असतो: कणसाचं चिन्ह, देशाची दोन अक्षरं, उत्पादकाचा क्रमांक आणि शेवटी प्रक्रियेचा संकेत. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत किमान ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं. हे निर्धास्त घ्यावं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. ते कुत्र्याच्या घराला घेऊ नये. शिक्का बरोबर असला तरी फळीवर तेलाचे, रसायनांचे डाग असतील, उग्र वास येत असेल तर ती बाजूला ठेवावी. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर मजबूत दिसतात, पण ते क्रिओसोट या विषारी डांबरी तेलात मुरवलेले असतात, म्हणून नकोत. प्लायवूड घ्यायचं झालं तर त्यावर ‘आयएस ७१०’ ही खूण पाहावी. ‘एमआर’ प्रतीचं प्लाय घरातल्या दमट हवेपुरतं असतं, नाशिकचा एक पावसाळाही ते नीट काढणार नाही. फुटक्या सिमेंटच्या पत्र्याचे तुकडे कापून छप्पर करण्याचा मोह टाळावा, जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं आणि कापताना त्याची धूळ कापणाऱ्याच्या छातीत जाते.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती लाकडाला काय फासलं जातं याची. वाळवी लागू नये म्हणून गॅरेजमधलं जळकं ऑइल चोपडणं ही आपल्याकडची सर्रास रीत आहे. शेताच्या कुंपणाच्या खांबाला ते चालत असेल. कुत्रं मात्र आपलं घर चाटतं, चावतं, अंग घासतं आणि मग अंग चाटतं. वापरलेल्या इंजिन ऑइलमधले जड धातू आणि काजळी थेट त्याच्या पोटात जातात. तीच गोष्ट कंपनीतून उरलेल्या रंगाची. भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. यंत्रांवर मारायचे औद्योगिक रंग त्या नियमात येत नाहीत, आणि औद्योगिक वसाहतीच्या शेजारी राहणाऱ्याला नेमका तोच डबा फुकट मिळतो. तो घेऊ नये. बाहेरून बेलतेलाचे दोन हात पुरेसे आहेत. बेलतेल लावलेल्या चिंध्या मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत, त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवाव्या किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्या. आतून काहीच लावू नये. छपराच्या वरच्या बाजूला चुना फासला तर ऊन परततं.

गावठी कुत्र्याला घराची काय गरज, ते हजारो वर्षं उघड्यावरच जगत आलं, असंही म्हटलं जातं. जात टिकते याचा अर्थ एकेक जीव सुखात असतो असा नव्हे. शिवाय ते उघड्यावर जगलं हे अर्धसत्य आहे. ते आपल्या पडवीत, गोठ्यात, खळ्यावर, चुलीच्या राखेत जगलं. त्या जागा आपणच काढून घेतल्या. कायदाही या बाजूला आहे. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ नुसार पाळलेल्या प्राण्याला पुरेसं अन्न, पाणी आणि निवारा न देणं हा गुन्हा आहे, आणि आखूड किंवा जड साखळीने त्याला अवाजवी काळ बांधून ठेवणं हाही गुन्हा आहे. पहिल्यांदा केलेल्या गुन्ह्याचा दंड मात्र १० ते ५० रुपये, म्हणजे साठ वर्षांहून जुन्या रुपयांच्या हिशेबात अडकलेला. इतक्या किरकोळ दंडाने साखळी सैल होत नाही, हे रस्त्यावरून जाताना दिसतं. घर बांधलं आणि त्याच्याच पायाला दिवसभर कुत्रं बांधलं, तर त्या घराला काही अर्थ नाही.

याहून तोलाचा आक्षेप असा की कुत्रं घरातलं माणूस आहे, त्याला बाहेर ठेवायचंच कशाला? घरात ठेवता येत असेल तर जरूर ठेवावं. पग, शिहत्झू यांसारखी चपट्या नाकाची कुत्री धापण्यातच कमी पडतात, हस्कीला अंगावरचं लोकरीचं ओझं असतं, पिल्लांना आणि म्हाताऱ्या कुत्र्यांना तापमान सांभाळता येत नाही. या कोणासाठीही बाहेरचं घर नाही, ते कितीही चांगलं बांधलं तरी. पण ज्या घरांत दोन्ही माणसं पाळीला जातात, खोल्या दोनच आहेत, किंवा कुत्रं स्वतःच बाहेर पडायला पाहतं, तिथे दिवसाची जागा लागतेच. ती मागच्या अंगणात, गॅस सिलिंडरच्या कोपऱ्यात नसावी. स्वयंपाकघराच्या दाराशी किंवा पुढच्या दाराशी, माणसांच्या वावरात असावी. पडवी घराचाच भाग होती, म्हणून कुत्रं तिथे रमत असे. एकट्या पडलेल्या पेटीत ते रमत नाही, आणि एकट्या पडलेल्या मोकळ्या घरातही रमणार नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी अशी घरं करावीत का, हा वेगळा विषय आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२५ मधल्या आदेशानंतर त्यांना खाऊ घालण्याच्या जागाही महापालिकेने नेमून द्यायच्या आहेत. तेव्हा आपल्या कंपाउंडच्या आत काय करता येईल तेवढंच आपल्या हातात.

शेवटचा आक्षेप या परिसरातच उठू शकतो, आणि माझ्या युक्तिवादाला तो खरा धक्का देतो: बिबट्या. जानेवारी २०१९ मध्ये गंगापूर रोडवरच्या सावरकरनगरात दिवसाढवळ्या बिबट्या शिरला आणि काही जण जखमी झाले, हे नाशिककर विसरलेले नाहीत. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनात पाळीव प्राण्यांचा वाटा ८७ टक्के आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के निघाला. शेळ्या कुत्र्यांच्या कितीतरी पट असूनही त्यांचा वाटा फक्त ११ टक्के होता. मला यातून दिसतं ते असं की शेळ्या रात्री कोंडल्या जातात आणि कुत्री मोकळी राहतात. म्हणजे समोरून उघडं घर रात्री चालणार नाही हे खरं. पण बंद पेटीही चालणार नाही: कमानदार दार उघडंच असतं, आतल्या कुत्र्याला पळायला दुसरी वाट नसते, आणि ते साखळीला बांधलेलं असेल तर प्रश्नच मिटला. संरक्षण लाकडाच्या फळ्यांनी होत नाही, लोखंडाच्या ग्रिलने होतं. सातपूरच्या बहुतेक रो-हाऊसना पोर्चचं ग्रिल आहेच. म्हणून घराच्या पायांना भंगारात मिळणारी ट्रॉलीची ब्रेकवाली चाकं बसवावीत; मग सिमेंटच्या ठोकळ्यांची गरज राहत नाही, दिवसा घर सावलीमागे हलवता येतं आणि अंधार पडायच्या आत ग्रिलच्या आत घेता येतं. ग्रिलमधून वारा येतो, रस्ता दिसतो, त्यामुळे मोकळ्या घराचे गुण आतही कायम राहतात. ग्रिलचं दार अरुंद असेल तर घर सुरुवातीलाच आत बसवून टाकावं आणि दुचाकीला बाहेर जागा शोधावी. ग्रिल छतापर्यंत गेलेलं आहे ना, आणि कडी बाहेरून पंजाने ओढली जाणार नाही ना, हे मात्र घर बांधायला घेण्याच्या आधीच पाहून ठेवावं.